समाजशास्त्र शिकायचे तर सारंगखेड्याच्या यात्रेपासून सुरुवात करा!

समाजशास्त्राच्या पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना एक व्याख्या लिहून दिली जाते : समाज म्हणजे सामाजिक संबंधांचे जाळे. व्याख्या मॅकआयव्हरची. पाच गुणांच्या प्रश्नाला ती लिहायची, खाली गाईडमधली समाजाची वैशिष्ट्ये उतरवायची, की झाला विषय. आपल्या भागातील कितीतरी मुले-मुली बी.ए.ला समाजशास्त्र घेतात, कारण तो 'सोपा विषय' समजला जातो. तीन वर्षांनी पदवी हातात येते. पण आपल्याच गावातली वस्ती गावाबाहेर का आहे, आपल्या आज्याच्या नावावर जमीन का नव्हती, मित्राच्या लग्नपत्रिकेत वधू-वर दोघेही एकाच जातीचे का असतात, याचे उत्तर त्या तीन वर्षांत कुणी विचारलेले नसते.

जाळे आहे, हे आम्हाला मान्य आहे. मात्र ते विणले कोणी, ओढतो कोण आणि अडकला कोण, हे विचारले नाही तर त्या व्याख्येचा चळवळीतल्या माणसाला काडीचा उपयोग नाही. म्हणून हा लेख. समाजशास्त्राची तोंडओळख आम्हाला आमच्या पद्धतीने करून द्यायची आहे, आणि त्यासाठी पॅरिस किंवा शिकागोला जायची गरज नाही. शहादा तालुक्यातले, तापीकाठचे सारंगखेडा पुरेसे आहे.

यात्रा म्हणजे समाज का?

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचे मंदिर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोडेबाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात, मारवाडी आणि काठियावाडी घोडे येतात, एकेका जनावराची किंमत लाखांत जाते. अलीकडच्या वर्षांत त्याला 'चेतक फेस्टिव्हल'चे रूप देऊन पर्यटनाच्या नकाशावर आणले गेले. दरवर्षी बातम्या येतात, रील्स येतात आणि एक वाक्य हमखास येते : "यात्रेत जातपात नसते, सगळे एक होतात."

नेहमीचे समाजशास्त्र या वाक्याला लगेच आधार देते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मधील धर्मावरील ग्रंथात मांडले आहे की सण, विधी, जत्रा यांतून माणसांचा समूह आपलीच एकजूट अनुभवतो. धर्म समाजाला बांधून ठेवतो. परीक्षेत यात्रेवर प्रश्न आला तर हेच उत्तर लिहायचे असते : यात्रेचे सामाजिक कार्य म्हणजे ऐक्य.

आता बाबासाहेबांकडे या. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने करू न दिलेले भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वतः छापले. 'जातिप्रथेचे विध्वंसन' आपण सगळे वाचतो, पण त्यात समाज कशाला म्हणावे याची एक काटेकोर मांडणी आहे, ती आपण फारशी सांगत नाही. बाबासाहेबांचा मुद्दा असा : माणसे एकमेकांजवळ राहतात म्हणून समाज बनत नाही. त्यांच्या चालीरीती, श्रद्धा, सण सारखे असतात म्हणूनही बनत नाही. दोन जाती एकच सण आपापल्या जागी साजरा करतात, तेव्हा ती समांतर कृती असते. समाज तेव्हा बनतो, जेव्हा माणसे एखाद्या कामात एकत्र भागीदार असतात, त्या कामाचे यश सगळ्यांचे यश आणि अपयश सगळ्यांचे अपयश असते. जात नेमकी ही भागीदारी होऊ देत नाही. या विचारामागे त्यांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांची शिकवण होती, पण ती भारताच्या गावगाड्याला लावून दाखवली बाबासाहेबांनी.

ही कसोटी यात्रेला लावा. दर्शनाच्या रांगेत सगळे उभे असतात. पण यात्रा ठरवतो कोण? जागेचे भाडे कोणाकडे जाते? घोडा कोणाचा आणि लगाम धरून रात्रभर थंडीत जागणारा कोण? तमाशाचा फड लागतो, त्यात नाचणारी, ढोलकी वाजवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींतून येत आली आणि शिट्ट्या मारणारी कोणत्या? यात्रा उठल्यावर मैदान झाडते कोण? एका मैदानात हजारो माणसे जमली एवढ्याने समाज झाला नाही. गर्दी झाली. बाबासाहेबांनी शिकवलेला समाजशास्त्राचा हा पहिला धडा आहे.

घोड्याची किंमत आणि घोड्यावरचा माणूस

दुसरा धडा घोड्याचा. वर्ग आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर सांगतात. पैसा असला की वर्ग बदलतो, पण मानाची पायरी पैशाने आपोआप बदलत नाही. पुस्तकात हे वाचून विद्यार्थी गोंधळतात. घोडेबाजारात उभे राहिले तर लगेच कळेल.

बाजारात घोड्याला किंमत असते. ज्याच्याकडे पैसे आहेत तो घोडा घेऊ शकतो, व्यापारी जात विचारत नाही. भांडवलशाहीचे कौतुक करणारे इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, बाजाराने जात मोडली. पण घोडा घेऊन गावात गेल्यावर काय होते? ज्या काठियावाडातून या यात्रेला नामांकित घोडे येतात, त्याच सौराष्ट्रात, भावनगर जिल्ह्यातील टिंबी गावात, मार्च २०१८ मध्ये एका दलित तरुणाचा खून झाला. तो घोडा बाळगत होता आणि घोड्यावर बसत होता, हे गावातल्या वरच्या जातीच्या लोकांना खुपत होते, त्यावरून आधी धमक्या आल्या होत्या, अशी त्याच्या कुटुंबाची तक्रार होती. राजस्थानात दलित नवरदेवाची घोड्यावरची वरात अडवली जाऊ नये म्हणून पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. बुंदी जिल्ह्यात तर पोलिसांना 'ऑपरेशन समानता' नावाची खास मोहीम काढावी लागली.

म्हणजे घोडा विकत घेता येतो, घोड्यावर बसण्याचा मान विकत घेता येत नाही. जो मान जातीने राखून ठेवलेला आहे त्याला हात लावला की रक्त सांडते. 'आर्थिक प्रगती झाली की जात आपोआप जाईल' असे आपल्याला शहाणपण शिकवणाऱ्यांनी टिंबीच्या त्या घराला जाऊन हे सांगावे. आणि आपल्या तरुणांनीही यात्रेत घोड्यासोबत फोटो काढताना हा इतिहास डोक्यात ठेवावा.

यात्रेला कोण नव्हते?

तिसरा धडा जास्त महत्त्वाचा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. समाजाचा अभ्यास करताना समोर कोण आहे एवढेच मोजायचे नसते. कोण नाही आणि का नाही, हेही विचारायचे असते.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची या समाजांचा हा जिल्हा. दत्तजयंती साधारण डिसेंबरात येते. त्या वेळी या जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे कुठे असतात? दिवाळीनंतर ती पोराबाळांसह दक्षिण गुजरातेत, बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला गेलेली असतात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बारडोलीच्या उसाच्या फडांत काम करणाऱ्या स्थलांतरित मजुरांचा अभ्यास केला, तेव्हाही खानदेशातून गेलेले आदिवासी तिथे होते. सारंगखेड्यात घोडे नाचत असतात, तेव्हा या जिल्ह्याच्या खऱ्या मालकांपैकी अनेक जण परमुलखात पालाखाली झोपलेले असतात. त्यांच्या मुलांची शाळा बुडालेली असते. याच जनगणनेत राज्यात सर्वांत कमी साक्षरता नंदुरबारची होती, याचे मूळ 'आदिवासींना शिक्षणाची आवड नाही' असल्या बाष्कळ वाक्यांत शोधणारे लोक आजही आपल्या भागात आहेत. मजुरीचा हंगाम आणि शाळेचे वर्ष शेजारी ठेवून पाहिले तर कारण कुणालाही दिसेल.

हे असे का झाले, याचे उत्तर जमिनीत आहे. कर्ज, गहाणखत, फसवणूक यांतून आदिवासींच्या जमिनी गेल्या आणि जमिनीचा धनी तिथेच सालदार झाला. आखाजीला साल ठरायचे, उचल घ्यायची आणि वर्षभर माणूस बांधला जायचा. याविरुद्ध १९७० च्या दशकात याच शहादा-तळोदा पट्ट्यात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्यासोबत श्रमिक संघटना उभी राहिली. १९७१ च्या पाटीलवाडीच्या घटनेने हा प्रश्न महाराष्ट्रभर गेला. गेलेल्या जमिनी परत द्या, सालदाराला माणसासारखे वागवा, मजुरी द्या, अशा मागण्या होत्या. आदिवासी स्त्रियांनी दारूविरुद्ध मोहीम उघडली, दारूची मडकी फोडली. आदिवासींच्या जमिनी त्यांना परत देण्याचा १९७४ चा कायदा महाराष्ट्रात आला तो अशा लढ्यांच्या काळात, कुणाच्या दयेतून आलेला नाही.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ मध्ये शहादा चळवळीवर आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख लिहिला. जर्मनीतल्या विद्यार्थ्याला शहादा कळावे आणि शहाद्याच्या कॉलेजात 'सामाजिक चळवळी' हा धडा शिकणाऱ्या विद्यार्थ्याने अंबरसिंग हे नावच ऐकलेले नसावे, ही कसली शिक्षणव्यवस्था?

यात एक जुनी बौद्धिक चलाखीही आहे. भारतीय समाजशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा धडा असतो त्या गो. स. घुर्ये यांनी १९४३ च्या पुस्तकात आदिवासींना 'मागासलेले हिंदू' ठरवले. एकदा ते हिंदूच ठरले की त्यांची जमीन कोणी घेतली हा प्रश्न मागे पडतो आणि त्यांना 'मुख्य प्रवाहात' कसे आणायचे हा प्रश्न पुढे येतो. नावे ठेवण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, तो प्रश्नही ठरवतो.

बाबासाहेब १९१६, श्रीनिवास १९५२

आता ज्ञानाच्या श्रेयाकडे वळू. तोंडओळखीच्या पुस्तकांत एक ठरलेली यादी असते : कॉम्त, दुर्खीम, मार्क्स, वेबर, मग घुर्ये, श्रीनिवास, इरावती कर्वे. बाबासाहेब असले तरी 'समाजसुधारक' किंवा 'घटनाकार' म्हणून. समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांना खुर्ची देताना आजही अनेकांचा हात अखडतो.

तारीख लक्षात ठेवा : ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. घुर्ये यांचे जात आणि वंश यांवरील पुस्तक त्यानंतर १६ वर्षांनी, १९३२ मध्ये आले. निबंधात बाबासाहेबांनी जातीचे लक्षण शोधले ते रोटीबंदीत नाही, शिवाशिवीत नाही, बेटीबंदीत शोधले. आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती हेच जातीचे मर्म. ही सक्ती टिकवायची तर गटातील स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. नवरा मेलेली स्त्री आणि बायको मेलेला पुरुष गटाबाहेर जाता कामा नये. म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह. स्त्रीच्या देहावरचा पहारा उठला तर जात एक पिढीसुद्धा टिकणार नाही, हे त्यात स्पष्ट होते. आपल्याकडच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी, विशेषतः पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे यांनी, बाबासाहेबांच्या लेखनातला हा धागा पुढे आणला.

त्याच निबंधात दुसरी गोष्ट आहे. एका गटाने दार बंद केले की बाकीचे त्याचे अनुकरण करतात, आणि अनुकरण वरून खाली वाहते. फ्रेंच विचारवंत गॅब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेऊन बाबासाहेबांनी हे मांडले. खालच्या जाती वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात, या प्रक्रियेला १९५२ मध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी 'संस्कृतीकरण' असे नाव दिले. आज नेट-सेटच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा शब्द श्रीनिवास यांच्या नावाने पाठ असतो. ३६ वर्षे आधीच्या निबंधाचा उल्लेख गाईडमध्ये शोधून दाखवा.

फरक श्रेयापुरता नाही. श्रीनिवास यांच्या मांडणीत अनुकरण म्हणजे वर चढण्याची वाट. बाबासाहेबांच्या मांडणीत अनुकरण म्हणजे आणखी एक दार बंद होणे. पहिले वाचून तरुणाला वाटते, चालीरीती बदलल्या की मान मिळेल. दुसरे वाचून कळते की वरच्यांसारखे होण्याच्या नादात आपणही आपल्या खालच्याला बाहेर ठेवू लागतो. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचे प्रमाण सुमारे ५ टक्के निघाले. निबंधाला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती आणि दार तसेच बंद होते.

हा आरसा आपल्यालाही

इथे काही मित्र खूश होऊन म्हणतील, बरोबर, सगळे ब्राह्मणी व्यवस्थेने केले. केलेच. पण तेवढे म्हणून थांबणारा बाबासाहेबांचा विद्यार्थी नव्हे. जातिव्यवस्थेला त्यांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले : प्रत्येकाच्या वर कोणीतरी आहे आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खालीही कोणीतरी आहे. म्हणून सगळे पिडलेले एकत्र येत नाहीत.

आपल्याच खानदेशात, जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात, वाकडी गावी जून २०१८ मध्ये मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना विहिरीत पोहले म्हणून नग्न करून मारहाण झाली. आरोपी तथाकथित उच्चवर्णीय नव्हते, भटक्या-विमुक्त प्रवर्गातले होते, हे तेव्हाच पुढे आले. अनेकांनी लगेच म्हटले, मग यात जातीचा प्रश्न कुठे? उलट, जात कशी चालते याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. ज्याला स्वतःला गावाने कधी स्थिर जागा दिली नाही, त्यालाही आपल्या विहिरीजवळ कुणीतरी आपल्याहून 'खालचा' हवा असतो. दुष्टपणा एका जातीच्या रक्तात नसतो. व्यवस्था प्रत्येक पायरीवरच्या माणसाकडून पहारा करून घेते.

आता नंदुरबारपुरते बोलू. या जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या ३ टक्क्यांच्या आसपास आहे आणि आदिवासी ६९ टक्के. इथे जो आंबेडकरी कार्यकर्ता आदिवासींच्या जमिनीचा, स्थलांतराचा, जंगलाच्या हक्काचा प्रश्न आपला मानत नाही, तो फक्त जयंतीचा कार्यकर्ता आहे. आपल्या मंडळात पावरा-भिल्ल मुले-मुली किती, निर्णयाच्या बैठकीत स्त्रिया किती, पोटजातीबाहेर लग्न ठरले की घरात काय होते, हे प्रश्न प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारावेत. समांतर कृती आणि भागीदारी यांतला फरक १४ एप्रिललाही लागू होतो.

"तटस्थ राहा" म्हणणाऱ्यांना

दोन आक्षेप येणार. पहिला : समाजशास्त्र हे तटस्थ शास्त्र आहे, त्यात चळवळ आणू नका. आमचे उत्तर असे की बाजू लपवली म्हणून कुणी तटस्थ होत नाही. यात्रेचे वर्णन 'सांस्कृतिक ऐक्य' असे करणारा आणि ऊसतोडीला गेलेल्यांना मोजायला विसरणारा अभ्यासकही एका बाजूला उभाच असतो. पुरावा मात्र काटेकोर हवा, आकडा खरा हवा, ऐकीव गोष्ट तपासायला हवी. बाबासाहेबांच्या लेखनातील तळटीपा पाहिल्यात तर कळेल की चिडलेला माणूसही किती शिस्तीत अभ्यास करू शकतो.

दुसरा आक्षेप : मग कॉम्त, दुर्खीम, वेबर वाचायचे नाहीत का? वाचायचे. बाबासाहेबांनी तार्द वाचला, ड्यूई वाचला, आणि जिथे पटले नाही तिथे भल्याभल्यांना खोडून काढले. पाश्चात्त्यांना शिव्या देणे हा आपला कार्यक्रम नव्हे. आपला आक्षेप क्रमाला आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात कर्ज, सारा, कचेरी, कोर्ट, भटभिक्षुकी यांनी शेतकरी कसा नागवला जातो याचा पुराव्यानिशी हिशेब आहे. मराठीत लिहिलेले ग्रामीण समाजाचे इतके जुने आणि जिवंत विश्लेषण हाताशी असताना मराठी मुलाची ओळख कॉम्तपासून का सुरू व्हावी?

गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये एक बोचरा प्रश्न विचारला होता : आपल्याकडच्या सामाजिक शास्त्रांत सिद्धांत मांडणारे एका बाजूचे आणि माहिती पुरवणारे दुसऱ्या बाजूचे असे का? आपण फक्त मुलाखती द्यायच्या, आपली वस्ती दाखवायची, आणि तिचा अर्थ दुसऱ्या कुणीतरी लावायचा. ही वाटणी मोडायची असेल तर वही आपल्या हातात आली पाहिजे.

मग करायचे काय?

शहादा, दोंडाईचा, नंदुरबार, तळोदा इथल्या कॉलेजांत शिकणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, पुढच्या यात्रेआधी चार-पाच जणांचा अभ्यासगट करा. त्यात आदिवासी आणि बौद्ध, मुले आणि मुली सगळे असू द्या. एका वहीत आपल्याच गावाबद्दल पाच प्रश्नांची उत्तरे जमवा.

एक, जमीन : आज कोणाच्या नावावर किती, आणि दोन पिढ्यांपूर्वी किती होती? जुने सातबारे, फेरफार पाहा.

दोन, श्रम : सालदार कोण, मजूर कोण, बाहेर कोण जाते, कोणत्या महिन्यात जाते आणि उचल किती घेते?

तीन, पाणी : तापीवर सारंगखेड्याला बॅरेज झाले. पाणी कोणाच्या शेतात पोहोचले आणि कोणाच्या नाही?

चार, लग्न : गेल्या दहा वर्षांत गावात जातीबाहेर लग्ने किती झाली आणि त्या जोडप्यांचे पुढे काय झाले?

पाच, मान : मिरवणुकीत पुढे कोण, पंगतीत शेवटी कोण, आणि शिवीत नाव कोणत्या जातीचे?

लोकांची नावे उघड करू नका, कुणाला धोक्यात घालू नका, पण जे दिसेल ते लिहा. सोबत १९१६ चा निबंध, 'असूड' आणि 'जातिप्रथेचे विध्वंसन' मोठ्याने वाचा, त्यावर भांडा. मग कॉलेजचे पुस्तक उघडा. तेव्हा दुर्खीमही कळेल, वेबरही कळेल, आणि घुर्ये कुठे चुकले तेही सांगता येईल. परीक्षेत 'समाज म्हणजे काय' हा प्रश्न आला तर मॅकआयव्हरची व्याख्या जरूर लिहा, गुण सोडू नका. पण तिच्याखाली बाबासाहेबांची कसोटी लिहा आणि उदाहरण द्या : सारंगखेडा. तपासणाऱ्याने गुण कापले तर त्याने का कापले, तोही समाजशास्त्राचाच प्रश्न आहे.

जयभीम! जय जोहार!